मालवणातली रात्र साडेअकराला का संपते?

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या मित्रांचा ठरलेला प्रश्न येतो, तारकर्लीला चाललोय, तिकडे नाइटलाइफ काय आहे रे? मी खरं ते सांगतो, समुद्र आहे, मासे आहेत, गावात चार बार अँड रेस्टॉरंट आहेत आणि साडेअकराला शटर खाली. मग पुढचं वाक्य पण ठरलेलं, काय यार, बाजूला गोवा आणि तुम्ही अजून तिथेच. म्हणजे जणू काही आम्ही सगळे नऊला जेवून दहाला झोपणारी सोवळी माणसं आहोत आणि बॉर्डरपलीकडचे लोक जन्मतःच पार्टीवाले. कोकणी माणसाला प्यायचं वावडं आहे असं तर त्याचा शत्रूपण म्हणणार नाही. मामला संस्कृतीचा कमी आणि कागदाचा जास्त आहे, कुठला परवाना, किती फी, कुठला टॅक्स, पोलिसांची हद्द कुठली. हे एकदा कळलं की मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, अलिबाग इथल्या रात्री अशाच का असतात ते आपोआप कळतं.

आधी वेळेचंच घेऊ. आपल्याकडे परमिट रूमची बंद व्हायची वेळ गाव बघून नाही, पोलीस आयुक्तालय आहे की नाही हे बघून ठरते. आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडपर्यंत, बाकी सगळीकडे साडेअकरा. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांत आयुक्तालय नाही, एसपी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक आहेत, त्यामुळे विषय संपला, तुमचा बार कितीही भारी असो, समुद्राला लागून असो, साडेअकरा म्हणजे साडेअकरा. गंमत रायगडात आहे. पनवेल आणि उरण नवी मुंबई आयुक्तालयात येतात आणि अलिबाग, जे जिल्ह्याचं मुख्यालय आहे, ते येत नाही, म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या रात्री. पालघरचं पण तसंच, २०२० च्या ऑक्टोबरात मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं आणि वसई त्या बाजूला गेली, केळवे आणि डहाणू राहिले ग्रामीणमध्ये. समुद्र तोच, मासळी तीच, फक्त पोलीस स्टेशनच्या वरचा साहेब बदलला.

गोव्यातपण कागदावर वेळ असतेच बरं का, तिकडे पहाटेपर्यंत सगळं मोकाट आहे असं नाही. फक्त तिकडे जादा फी भरून वेळ वाढवून घ्यायची रीतसर सोय आहे. आपल्याकडे ती मेहेरबानी नाताळ आणि थर्टी फर्स्टला होते, तेव्हा सरकार पहाटे पाचपर्यंत परवानगी देतं. म्हणून वर्षातून एकदा मालवणात येऊन लोक म्हणतात अरे इथेपण मस्त चालू असतं की रात्रभर. पुढच्या आठवड्यात येऊन बघा.

आता हा सगळा कारभार इतका घट्ट का, तर आपल्या कायद्याचं नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्यात महाराष्ट्रात दारू मुळात बंद आहे आणि जे काही चाललंय ते सवलत म्हणून चाललंय. मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई राज्यात खरोखर कडक बंदी होती, पुढे वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल झाली पण कायदा तोच राहिला, त्याला ठिगळं लागत गेली. त्यामुळे आजही नियमाप्रमाणे दारू प्यायला माणसाकडे स्वतःचा परवाना हवा, एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, वर्षाचा शंभर रुपयांना, आजन्म हजार रुपयांना. बारमध्ये हे बहुतेक कोणी विचारत नाही, पण एक्साइजची धाड पडली की पहिला हाच कागद मागतात. वयाचंपण तसंच, बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. गोव्यात १८. म्हणजे कॉलेजच्या पोरांचा ग्रुप घेऊन तुम्ही तारकर्लीला आलात तर कायद्याने अर्ध्या टेबलाला लिंबू सोडाच प्यावा लागेल, आणि तेच टेबल तेरेखोलला नेलं तर सगळं कायदेशीर. तेरेखोलचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण ते गाव नदीच्या अलीकडे, आपल्या रेडीला चिकटून आहे पण आहे गोव्याचं. नदीसुद्धा ओलांडायची नाही आणि कायदा बदलतो.

परवान्यांचे प्रकार लोकांना नेहमी गोंधळात टाकतात. बसून प्यायची जागा म्हणजे परमिट रूम, तिचा परवाना एफएल-३. बाटली पार्सल घ्यायचं वाइन शॉप म्हणजे एफएल-२. बिअर शॉपीचा वेगळा, देशी दारूच्या दुकानाचा वेगळा, त्याला सीएल-३ म्हणतात, माडी-ताडीचा अजून वेगळा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वाइन शॉपचे नवीन परवाने महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून जवळपास गोठलेले आहेत. जे तेव्हा होते तेच हस्तांतर होत, भाड्याने जात, जागा बदलत आजपर्यंत आलेत, त्यामुळे त्या परवान्याची किंमत दुकानापेक्षा जास्त असते. छोट्या गावात वाइन शॉप एखाद-दुसरंच का आणि तिथे शनिवारी संध्याकाळी एवढी रांग का, याचं उत्तर यात आहे. परमिट रूमचे नवीन परवाने मात्र मिळतात, म्हणून ज्याला या धंद्यात शिरायचं आहे तो बार अँड रेस्टॉरंटच काढतो. त्यालापण जागा सापडायला पाहिजे, शाळा आणि देवळापासून ७५ मीटर लांब. कोकणात येऊन देवळापासून लांब जागा शोधा म्हणजे कळेल, आमच्याकडे दर वळणावर एक घुमटी आहे. वर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, पोलीस, फायर, फूड लायसन, आणि संध्याकाळी एखादा गिटारवाला बसवायचा तर त्याची परवानगी निराळी. नावालासुद्धा नियम आहे, २०२२ मध्ये सरकारने बार आणि दारूच्या दुकानांना देवांची, महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं लावायला मनाई केली. किल्ल्यांनी भरलेल्या किनाऱ्यावर ही अडचण लहान नाही, किती पाट्या रंगवाव्या लागल्या असतील विचार करा.

पण मालकाला खरा मार बसतो तो कॅलेंडरचा, आणि ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. परवान्याची फी वर्षाची असते, एप्रिल ते मार्च, लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरते. २०११ च्या जनगणनेत मालवण साधारण १८-१९ हजारांचं गाव, अलिबाग २० हजारांच्या जरा वर, वेंगुर्ला १२ हजार, रत्नागिरी ७६ हजार. फी एकदम भरायची आणि मग धंदा किती महिने, बघा. जूनला पाऊस सुरू, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदरावर पैसा नाही, ताजी सुरमई नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद. आषाढात गटारीला एक दिवस तुफान गर्दी होते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, अर्धं गाव दारू आणि मासे दोन्ही सोडून बसतं. मग गणपती, तेव्हा चाकरमानी भरपूर येतात पण घरात गणपती असताना कोण परमिट रूममध्ये बसणार, बसले तरी लपून. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मालक फक्त वीजबिल आणि पगार भरत असतो. दिवाळीपासून माणसं यायला लागतात, डिसेंबर जोरात, मग शनिवार-रविवार, शिमगा, आणि शेवटी मे. एप्रिल-मेमध्ये आंब्याचा पैसा बाजारात असतो तो एक आधार. असं सहा-सात महिन्यांत बारा महिन्यांचं काढायचं. आता अशा हिशोबात डीजे, लायटिंग, कॉकटेलवाला बारटेंडर पगारावर ठेवायची हिंमत कोण करेल? तो पावसाळ्यात काय करणार, गोव्यातच जाणार ना. म्हणून आपले बार बघा, सगळे एका साच्याचे, खाली परमिट रूम, वर किंवा बाजूला पडदे लावलेली फॅमिली रूम, मागे गार्डन असलं तर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मेनूत मसाला पापड, चिकन चिली, बांगडा फ्राय. कल्पनाशक्ती कमी आहे म्हणून नाही, ऑफ सीझनला गाववाल्यांच्या जेवणावर आणि क्वार्टरवर जे तगून राहतं तेच डिझाइन शिल्लक राहिलंय.

आता पैशाचा भाग, हा थोडा डोकं लावून वाचायला लागेल. पिण्याची दारू जीएसटीत नाही. घटनेप्रमाणे दारू हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे उत्पादन शुल्क आणि व्हॅट किती लावायचा ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. गोव्याने पहिल्यापासून शुल्क कमी ठेवलं, पर्यटक आला पाहिजे आणि प्यायला पाहिजे म्हणजे बाकीचा बाजार चालतो हा त्यांचा हिशोब. महाराष्ट्राचा हिशोब उलटा, इथे दारू म्हणजे तिजोरी. कारखाना बाटलीची जी निर्मिती किंमत जाहीर करतो तिच्या तिप्पट शुल्क होतं, जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात स्वस्तातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर ते साडेचारपट झालं. म्हणजे १०० रुपये किंमत धरली तर आधी ३०० शुल्क, आता ४५०, आणि यावर व्हॅट आणि दुकानदाराचं वेगळं. सरकारने तेव्हा १८० मिलीच्या किमान किमती पण ठरवल्या, देशी ८० रुपये, विदेशी २०५, प्रीमियम ३६०, आणि मध्ये महाराष्ट्र मेड लिकर म्हणून धान्यापासूनची एक नवी वर्गवारी काढली ती १४८. वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. परमिट रूमचा व्हॅट २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झालाच होता, परवाना फी पण १५ टक्के वाढली, सगळं एकावर एक आल्यावर १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. मुंबईतल्या बारने दर वाढवले तर गिऱ्हाईक कुरकुरत देतं. सावंतवाडीचं गिऱ्हाईक गाडी काढतं आणि बांद्याच्या पुढे गोव्यातल्या पत्रादेवीला जातं.

हेच सिंधुदुर्गाचं खास दुखणं. बॉर्डरला लागून गोव्याच्या बाजूला दारूच्या दुकानांची रांगच आहे, दोडामार्गच्या बाजूलापण तेच. तिथली बाटली, जिच्यावर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, ती परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे. लोकांना वाटतं एक-दोन बाटल्यांनी काय होतंय. होतं, इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे, माल जातो, गुन्हा लागतो आणि गाडीसुद्धा जप्त होते, दोन हजार वाचवायला गेलेला माणूस गाडी सोडवायला कोर्टात फेऱ्या मारतो. तरी ही ने-आण थांबलेली नाही, दर आठवड्याला पेपरात गोवा बनावटीची दारू जप्त ही बातमी असतेच, टेम्पोत मासळीच्या क्रेटखाली, फर्निचरमध्ये, काय वाट्टेल त्यात. या सगळ्यात प्रामाणिकपणे फी भरून, महाराष्ट्राचं शुल्क लागलेली बाटली विकणारा कुडाळचा बारवाला दोन्हीकडून मार खातो, एकीकडे स्वस्त गोवा, दुसरीकडे चोरटी गोवा. तिकडे वर डहाणू-तलासरीला दमणचं तसंच, फक्त तिथे पलीकडे बंदी असलेला गुजरातपण आहे म्हणून धंद्याची दिशा अजून वाकडी.

हायवेची भानगड आठवत असेलच. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, १ एप्रिल २०१७ पासून. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं. ऐकायला बरोबर वाटतं, दारू पिऊन गाडी चालवू नये, पण कोकणाचा नकाशा बघा. आमची गावं मुंबई-गोवा हायवेला धरूनच वाढलीत, महाड, चिपळूण, लांजा, कणकवली, कुडाळ, बाजारपेठ म्हणजे हायवे आणि हायवे म्हणजे बाजारपेठ. एका रात्रीत लायनीने बार बंद झाले, कामगार घरी गेले. नंतर जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच खुलासा केला की नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हे लागू नाही, २०१८ च्या फेब्रुवारीत शहराला लागून असलेल्या ग्रामीण भागाबद्दल राज्याला ठरवायची मुभा मिळाली. तोपर्यंत ज्यांनी कर्ज काढून बार टाकला होता त्यांचं व्हायचं ते होऊन गेलं. माझ्या मते छोट्या किनारी शहरात या धंद्यात नवीन पैसा घालायला लोक जे घाबरतात त्यात या एका वर्षाचा हात मोठा आहे.

मग बीचवर का नाही? गोव्यात शॅक आहेत, आपल्याकडे का नकोत, हा दुसरा लाडका प्रश्न. समुद्रकिनाऱ्यावर सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, पक्कं बांधकाम करता येत नाही, गोव्यातलेपण शॅक हंगामी असतात, पाऊस जवळ आला की काढायचे. फरक एवढाच की तिकडे ही पद्धत वर्षानुवर्षं बसलेली आहे, पर्यटन खातं जागा वाटून देतं. महाराष्ट्राने शॅकचं धोरण २०२० मध्ये मंजूर केलं आणि आठ किनारे निवडले, केळवे, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि तारकर्ली. स्थानिकांना प्राधान्य वगैरे चांगल्या गोष्टी त्यात आहेत, पण एका किनाऱ्यावर दहाच शॅक आणि वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात. सूर्य मावळला की शॅक बंद. यातून चहा, शहाळं आणि मासे-भात मिळेल, नाइटलाइफ नाही मिळणार, आणि खरं सांगायचं तर धोरण करणाऱ्यांना ती नकोच होती. मलापण कुणकेश्वराच्या देवळासमोर डीजे नकोय, पण मग धोरणाचं वर्णन करताना गोव्याचं नाव घेऊ नये.

आवाजाचा नियम तर देशभर एकच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. गोव्यातपण हा लागू आहे, म्हणून तर काणकोणच्या पाळोळेंला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या, बाहेरून बघितलं तर दोनशे माणसं शांततेत उड्या मारतायत. आपल्याकडे सवलतीचे ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती यांत संपतात, जे बरोबरच आहे, बारसाठी ते दिवस कोण खर्च करणार.

बरं, या बारमध्ये बसतं कोण हे बघितलं तर चित्र अजून स्पष्ट होतं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या आसपास खलाशी, त्यात नेपाळी पोरं खूप, बोट लागली की दोन दिवस हातात पैसा आणि मोकळा वेळ. बाजारातले व्यापारी, कॉन्ट्रॅक्टर, बँकेत बदलीवर आलेले एकटे साहेब लोक. हे सगळे साडेसात-आठला येतात आणि दहाला उठतात, सकाळी बोट आहे, दुकान आहे, ऑफिस आहे. मालवणात पर्यटक सोडला तर अकरानंतर मागणीच पातळ. आणि एवढ्याशा गावात बारच्या दारातून आत जाताना तुम्हाला कोण बघतंय हा मोठा प्रश्न, काका, मास्तर, सासऱ्यांचे मित्र, म्हणून मागचं दार आणि पडदे. बायकांसाठी तर फॅमिली रूम हीच काय ती जागा, तीसुद्धा नवऱ्याबरोबर मासे खायला. कुणी म्हणेल बदलतंय, थोडं बदलतंयही, पण अजून मालवण बाजारात दोन मैत्रिणी बिअर घेऊन गजाली मारत बसल्यात हे दृश्य पर्यटकांचंच असतं. उलट बाजूला गावातल्या बायकांच्या हातात एक कायदेशीर हत्यार आहे, उभी बाटली-आडवी बाटली. पुरेशा महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळालं की दुकान बंद. ज्या घरात देशीच्या दुकानाने वाट लावली त्या घरातल्या बाईला याचं महत्त्व विचारा, मग नाइटलाइफचा विषय काढा.

म्हणून रात्र गेलीय कुठे, तर होमस्टेच्या अंगणात. पाहुणे येतानाच बाटल्या घेऊन येतात, होमस्टेवाल्याकडे दारू विकायचा परवाना नसतो, तो फक्त ग्लास, बर्फ आणि तळलेली सुंगटं म्हणजे कोळंबी देतो. अलिबागला हेच मोठ्या पातळीवर आहे, २०२० मध्ये मांडव्याची रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईकर गाडीसकट येतो आणि पार्टी किहीम-आवासच्या बंगल्यात करतो, गावातल्या बारला त्यातून फार काही मिळत नाही. शिवाय रात्री बारमधून परत जायचं कसं? मालवणात साडेअकराला रिक्षा शोधून दाखवा. स्वतःची गाडी चालवली आणि १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जिथे राहताय तिथेच प्या, हा हिशोब पर्यटकांनी बरोबर लावलाय.

आणि येणारच असाल तर तारखा बघून या. २ ऑक्टोबरसारखे ड्राय डे सगळ्यांना पाठ असतात, निवडणूक विसरतात. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस दारू बंद असते. ७ मे २०२४ ला ऐन मे महिन्याच्या सीझनला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान होतं, रायगडचंही त्याच दिवशी, आणि गोव्याचंही. ५ तारखेच्या संध्याकाळपासून मालवणात पण बंद, पणजीत पण बंद, बॉर्डर ओलांडून काही उपयोग नव्हता.